हौदातली माती

हौदातलं पाणी लाल झालंय हे सकाळी सगळ्यांत आधी सुनेने पाहिलं. ती कळशी भरायला गेली होती. कळशी न भरताच ती परत आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, काल संध्याकाळी तुम्ही हौदात काय टाकलंत?"

मिस्त्री चहा पीत होता. "विटा भिजत घातल्यात. आज आतली भिंत धरायची ना."

"कुठल्या विटा?"

"कुठल्या म्हणजे? तुझ्या सासूच्याच. प्लास्टिकखालच्या सगळ्या."

सुनेने कळशी खाली ठेवली. तिचा चेहरा पाहून मिस्त्री कप हातात घेऊनच उठला आणि हौदाकडे गेला. पाणी गढूळ, लालभडक. त्याने बाही वर करून हात घातला. वीट हाताला लागली नाही, चिखल लागला. कोपर बुडेपर्यंत हात आत गेला तरी चिखलच. एका कोपऱ्यात एक वीट अजून विटेच्या आकाराची होती. ती त्याने दोन्ही हातांनी सांभाळून उचलली, तर पाण्याबाहेर येता येता ती मधून वाकली आणि बोटांमधून निसटून गेली.

तो हौदाच्या कठड्यावर बसला. बायको गेली त्या दिवशी डॉक्टरांनी बाहेर येऊन मान हलवली होती, तेव्हा तो रडला नव्हता. लोक म्हणाले, घट्ट आहे माणूस. पुढे आल्यागेल्याला चहा दिला, तिची औषधं टाकली, तिची पायताणं कुणाला तरी दिली, तेव्हाही नाही. आता मात्र कोपरापर्यंत चिखलाचा हात घेऊन तो तिथे बसला, आणि त्याचे खांदे हलताना पाहून सून आत निघून गेली.

त्याने केलं ते कुठल्याही गवंड्याने केलं असतं. थापी हातात धरायला शिकला त्या दिवसापासून त्याच्या कानावर एकच गोष्ट पडत आली होती: कोरडी वीट लावायची नाही. कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी पिऊन टाकते, मग माल भुसभुशीत होतो आणि भिंत नुसती एकावर एक ठेवल्यासारखी राहते. म्हणून कामाच्या आदल्या संध्याकाळी विटा भिजत घालायच्या. त्याचा हात हे काम डोक्याला न विचारता करायचा. शिवाय मिस्त्रीण, म्हणजे त्याची बायको, आपल्या विटांवर रोज पाणी मारायची, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. गोणपाट टाकायची, त्यावर पाणी शिंपडायची, वाळलं की पुन्हा शिंपडायची. पण ती रास बाहेरच्या भिंतीची होती. तिच्यात तिने थोडं सिमेंट घातलं होतं, आणि सिमेंट आलं की पाणी आलंच. दुसरी रास आतल्या भिंतीची, नुसत्या दाबलेल्या मातीची. ती प्लास्टिकखाली कोरडी ठेवलेली होती. मिस्त्रीला वाटलं होतं, हिला पाणी मारायला तिला वेळच मिळाला नाही. तेवढं तरी आपण करावं.

तिला मिस्त्रीण म्हणायचे ते थट्टेने. कामावर ती घमेलं उचलायची, पण विटांचा एखादा रद्दा वाकडा गेला की खालूनच सांगायची, आणि ते खरं निघायचं. "ओळंबा लाव, ओळंबा," असं एकदा ती एका उंच, ओळंब्याच्या दोरीसारख्या काटकुळ्या गवंड्याला म्हणाली, तेव्हापासून त्या गवंड्याचंच नाव ओळंबा पडलं. तोही मग तिला मिस्त्रीण म्हणायला लागला. "घरात दोन मिस्त्री, मग भात कोण शिजवतं?" तो विचारायचा. "जो आधी पोचेल तो," ती म्हणायची.

लग्नाआधी ती वीटभट्टीवर होती. भट्टीवरच चालायला शिकली, भट्टीवरच तिची आई गेली. छातीत जी घरघर बसली ती तिथली. डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, चुलीचा धूर का? ती म्हणाली, चुलीचा कसला, भट्टीचा. डॉक्टर म्हणाले, भट्टी सोडून किती वर्षं झाली? ती म्हणाली, मी सोडली, तिने नाही सोडलं.

मग एका संस्थेने बायकांना मातीच्या विटा दाबायला शिकवायचं काढलं. लोखंडी पेटी, तिच्यावर झाकण आणि बाजूला पुरुषभर लांब दांडा. पेटीत चाळलेली माती भरायची आणि दोघींनी मिळून दांडा खाली ओढायचा. वीट चौकोनी, जड, कडा धारदार. भट्टी नाही, लाकूड नाही, कोळसा नाही. शिकायला आलेल्या बायका हळूहळू गळाल्या. कुणाचा नवरा म्हणाला, चिखलात खेळायला पाठवत नाही. कुणाला सासू म्हणाली, मातीच्या घरातून पक्क्या घरात यायला आमचा जन्म गेला आणि तू परत मातीत निघालीस. मिस्त्रीण मात्र शिकली. संस्थेचं काम संपायच्या आत मशीन मागून आणलं आणि घरामागच्या मोकळ्या जागेत विटा पाडायला लागली.

"आपल्याला एक खोली वाढवायचीच आहे," ती म्हणाली. "ती माझ्या विटांची करू."

"लोक हसतील. मिस्त्री दुसऱ्यांना पक्की घरं बांधून देतो आणि स्वतः चिखलात राहतो."

"हसू द्या. निदान या खोलीसाठी कुणी धूर खाल्लेला नसेल."

तो तेव्हा हसला होता. दगडाचं जोतं मात्र त्याने घालून दिलं. कुठली भिंत कुठे हे तिने काठीने जमिनीवर आखलं. घर आणि नवी खोली यांच्या मधल्या, म्हणजे आतल्या भिंतीवर छपराचं आढं टेकणार, म्हणून ती जाड हवी, तिला पाऊस लागणार नाही, म्हणून सिमेंट नको, हे सगळं ती सांगायची. त्यातलं निम्मं त्याच्या कानावरून गेलं. घरच्या माणसाचं बोलणं उद्याही ऐकता येतं, असं माणसाला वाटत असतं.

दुपारी मुलगा आला. तो स्लॅब टाकणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला होता. त्याने हौद पाहिला, बापाकडे पाहिलं आणि डोक्याचं फडकं सोडून हातात घेतलं.

"जाऊ द्या बाबा. बरंच झालं एका अर्थी."

"बरं काय झालं त्यात?"

"घरात लागली असती ही वीट आणि मग पाणी लागलं असतं तर? एका रात्रीत तिचा चिखल झाला. वर आढं, आढ्याखाली माझं पोर झोपणार."

"आत पाणी कुठून येणार? ती म्हणायची—"

"आई म्हणायची ते मलाही माहीत आहे. मी नाही तिच्याबरोबर दांडा ओढला?" मुलाचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "पण आईच्या हातची आहे म्हणून भिंत उभी राहत नाही. मी उद्या भट्टीवरून ट्रक सांगतो. आतली भिंत भाजलेल्या विटेची करू. पाऊस तोंडावर आलाय, साहेबही येऊन बघून जाणार. त्यांना काय हौद दाखवायचा?"

साहेब म्हणजे घरबांधणीला मदत देणाऱ्या खात्याचा माणूस. तो वाईट नव्हता. जोतं झालं तेव्हा तो येऊन गेला होता, आणि मिस्त्रिणीने पुढे केलेली वीट त्याने हातात घेऊन नखाने खरवडून पाहिली होती. "छान आहे हो," तो म्हणाला होता, "पण माझ्याकडे दोनच रकाने आहेत. पक्की भिंत आणि कच्ची भिंत. पक्की म्हणजे भाजलेली वीट नाहीतर सिमेंटचा ठोकळा. कच्चीला मदत नाही."

"मग ही कशात बसते?" मिस्त्रिणीने विचारलं होतं.

"ही कशातच बसत नाही, ताई. बाहेरच्या भिंतींना सिमेंट आहे म्हणता, तर त्यांचं मी वर विचारून बघतो. निदान आतली तरी पक्की करा."

"आतलीच तर पूर्ण माझी आहे," ती म्हणाली होती. साहेबाला ते कळलं नाही. मिस्त्रीलाही कळलं नव्हतं.

मुलगा कामावर गेल्यावर मिस्त्री ओळंब्याला घेऊन आला. दोघांनी हौदातलं वरचं पाणी काढून टाकलं. खाली चिखल बसला होता. वर लोण्यासारखी चिकण माती, तळाला वाळू.

"भाजलेली वीट फुटली की फुटली," ओळंबा म्हणाला. "हिचं बरं आहे. काढायची, वाळवायची, पुन्हा दाबायची. माती कुठे गेलीय? हौदातच आहे."

मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं. सकाळपासून हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. तो गवंडी होता. त्याच्या धंद्यात बिघडलेलं परत होत नाही, ते पाडून फेकून द्यायचं असतं.

"मशीन कुठे आहे?" त्याने विचारलं.

मशीन पंचायतीच्या गोदामात होतं. मिस्त्रिणीचा श्वास लागायला लागला तेव्हा संस्थेची माणसं ते उचलून तिथे ठेवून गेली होती आणि पुढे संस्थाच निघून गेली होती. गोदामाचा राखणदार पोटाने मोठा आणि बोलायला गोड. त्याने मशीन दाखवलं. पेटी होती, झाकण होतं. झाकणावर कुणीतरी रंगाचे डबे ठेवले होते.

"आणि दांडा?"

राखणदाराने दाराकडे बोट केलं. गोदामाच्या मोठ्या दाराला आतून आगळ लावलेली होती. लोखंडी, पुरुषभर लांब, एका टोकाला हात घासून गुळगुळीत झालेली. ती कुणाच्या हातांनी गुळगुळीत झाली होती हे मिस्त्रीला माहीत होतं.

"आधीची आगळ मोडली," राखणदार म्हणाला. "ही नेमकी बसली. देवाने माप घेऊन बनवल्यासारखी."

"मला दोन दिवसांसाठी द्या."

"द्यायला माझी ना नाही, मिस्त्री. पण मग दार कशाने लावू? आत सिमेंटची पोती आहेत. एक गेलं तरी माझ्या मानेवर येईल."

"मी दुसरी आगळ करून आणतो."

"आणा की. पण मशीन बाहेर न्यायला पत्र लागेल."

"कुणाचं?"

"संस्थेचं."

"संस्था कुठे आहे?"

"ते मला काय माहीत?" राखणदाराने प्रामाणिकपणे सांगितलं. "मीही त्यांची वाट बघतोय. त्यांचा एक पंखा राहिलाय माझ्याकडे."

परत येताना ओळंबा म्हणाला, "रात्रीचा दांडा काढून आणू का?" मिस्त्री म्हणाला, "तू एवढा लांब, दांडा तेवढा लांब, दोघं कुठे लपणार?" दोघंही थोडं हसले. मिस्त्रीण गेल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी तो भट्टीवर गेला. मुलाने सांगितलेला ट्रक थांबवायचा होता. भट्टीवर तो कधी जात नसे, विटा कामावर यायच्या. वाऱ्याची दिशा बदलली तसा धूर खाली आला आणि त्याचे डोळे चुरचुरले. बायका डोक्यावर फळी घेऊन विटा ट्रककडे नेत होत्या. त्यांच्या पुढे उभी राहून एक बाई खेपा मोजत होती. तिने त्याला ओळखलं.

"दाजी? तुम्ही इकडे?" मिस्त्रीण आणि ती लहानपणी एकाच खोपटात वाढलेल्या. "तुमचाच ट्रक भरतोय. चांगल्या पक्क्या विटा निवडून टाकायला सांगितल्यात. ताईच्या घराला कच्ची-फुटकी नको."

मिस्त्रीने हौदाचं सांगितलं, आणि मिस्त्रिणीच्या मनात काय होतं तेही. तिला ही वीट नको होती, असं तो म्हणाला.

बाई ऐकत होती, पण तिची नजर बायकांच्या रांगेवरून हलली नाही. "मला बोलली होती ती. इथे येऊन सगळ्यांना सांगून गेली, मातीची वीट शिका, धूर सुटेल. आम्ही म्हटलं, शिकतो, पण घेणार कोण? तू तुझं घर बांधून दाखव, मग बघू. ज्याला त्याला पक्कंच हवं. माझ्या मुलालासुद्धा." ती खोकली, थुंकली, पुन्हा उभी राहिली. "आता ट्रक थांबवलात तर या बायकांची आजची खेप बुडेल, दाजी. तुमच्या एका खोलीने भट्टी विझणार आहे का?"

"नाही."

"मग जाऊ द्या ट्रक. खोली कशाचीही करा. मातीची झाली तर सांगा, बघायला येईन. खरंच येईन."

तो ट्रकमध्ये बसूनच घरी आला. ड्रायव्हरशेजारी पाय आखडून बसला. दारात विटा उतरल्या. लाल, खणखणीत. त्याने एक उचलून दुसरीवर आपटली. आवाज स्वच्छ आला. वीट चांगलीच होती. तिच्यात खोट काढता आली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढचे दिवस तो आणि ओळंबा बाहेरच्या भिंती चढवत राहिले. पहिल्या राशीची वीट सरळ बसत होती. तिच्या कडा इतक्या नेमक्या होत्या की माल बोटभरही लागत नव्हता. तीन बाजू खिडकीच्या वर गेल्या. रस्त्याने जाणारे थांबायचे, बोट लावून बघायचे. एकाने विचारलं, "पावसात खोली राहील ना, का अंगणात येईल?" ओळंबा बांबूच्या परांचीवरून म्हणाला, "आली तर तुझ्याकडे पाठवतो, तुझं अंगण मोठं आहे."

दुपारच्या सुट्टीत मिस्त्री हौदातली माती काढून वाळत घालायचा. वरची चिकण माती आणि खालची वाळू पुन्हा एकत्र करायची, तर किती कशात किती? मिस्त्रीण मुठीत गोळा करायची आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायची, एवढं त्याला आठवत होतं. त्याने गोळा केला आणि सोडला. गोळा चपटा झाला. वाळू वाढवून पुन्हा सोडला. भुगा झाला.

सून पोराला कडेवर घेऊन बघत होती. "त्याचे तुकडे व्हायचे," ती म्हणाली. "चार-पाच. ना चपटा, ना भुगा. मग आई 'झालं' म्हणायच्या."

"मग किती वाळू घालायची?"

"त्या मोजायच्या नाहीत हो. मी गोळाच बघायचे, त्या घालतात काय ते नाही बघितलं." तिने पोराला खाली ठेवलं आणि स्वतः गोळा करून सोडला. तो दोन तुकड्यांत फुटला. दोघांनी त्या तुकड्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"जवळ आलं का?" मिस्त्रीने विचारलं.

"माहीत नाही, बाबा. आणि जमलं तरी दाबणार कशात?"

खरंच होतं. त्याने दुसरी आगळ करून नेली होती. राखणदाराने ती कौतुकाने हातात घेतली, चांगली आहे म्हणाला, आणि पत्राचं पुन्हा विचारलं. आता गोदामात दोन आगळी होत्या. एक दाराला आणि एक भिंतीला टेकवून ठेवलेली.

साहेब आला त्या दिवशी मुलगा काम बुडवून घरी थांबला होता. साहेबाने तिन्ही भिंतींना हात लावला, कोपऱ्यात डोळा लावून धार पाहिली आणि मिस्त्रिणीची चौकशी केली. ती गेल्याचं कळल्यावर त्याने भिंतीवरचा हात काढून घेतला.

"भिंती फार सरळ आहेत," तो म्हणाला. "पण यांचं वरून अजून उत्तर नाही. आणि मधली भिंतच नाही. मी 'काम अपूर्ण' लिहितो. 'कच्ची' लिहिण्यापेक्षा ते बरं. विटा आल्यात ना, मग लावून घ्या. पुढच्या फेरीला मी 'पक्की' लिहितो."

साहेब गेल्यावर मुलगा भट्टीच्या विटांच्या राशीपाशी गेला. त्याने बाह्या वर केल्या. तो बापाच्या हाताखाली शिकलेला होता, स्लॅबच्या कामाला नंतर गेला. "बाबा, मी लावतो," तो म्हणाला. "तुमच्या हातून होणार नाही ते मला कळतं. तुम्ही आत बसा. उद्या धरतो भिंत. आज विटा भिजत घालतो."

त्याने दोन्ही हातांत विटा घेतल्या आणि हौदाकडे वळला. मग तो थांबला. हौदात अजून निम्मी माती होती. वरून मिस्त्रीने गोणपाट टाकलं होतं.

"हौद रिकामा नाही," मिस्त्री म्हणाला.

मुलगा विटा हातात घेऊन उभा होता. ड्रम होता, पाइप होता, शेजाऱ्याचा हौद होता. हे त्यालाही माहीत होतं आणि बापालाही. मिस्त्रीने त्याला अडवलं नाही, पुढे कर असंही म्हटलं नाही. मुलाने गोणपाटाचं एक टोक उचलून खाली पाहिलं, पुन्हा नीट टाकलं, आणि विटा राशीवर परत ठेवल्या. "पाऊस आला की मी ऐकणार नाही," तो म्हणाला. त्याने बाह्या खाली केल्या आणि पोराला घेऊन रस्त्याकडे गेला.

आता बाहेरच्या तीन भिंती उभ्या आहेत. भट्टीच्या विटा दारात कोरड्या पडल्यात. माती हौदात आहे, दांडा गोदामाच्या दाराला आहे. पत्र कुणाला मागायचं ते ठरलेलं नाही, आणि मातीत वाळू किती घालायची तेही अजून जमलेलं नाही. मधली भिंत नाही, म्हणून आढं नाही, आणि आढं नाही म्हणून छप्पर नाही. आतली भिंत बांधायची राहिली आहे.